निळीची मात्रा

“नीळ घातलीस का?” धुतलेला शर्ट खिडकीकडे धरून ह्यांनी विचारलं.

“घातली.”

“मग पिवळा कसा दिसतोय?”

मी शर्टाकडे बघितलं. पिवळा कुठला! शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कपड्यांत आमचे शर्ट लांबूनही ओळखू यायचे, इतके निळे झाले होते. मी एकदा तसं बोलूनही बघितलं. “तुला काय कळतं रंगातलं?” म्हणाले. ज्या माणसाने उभा जन्म काचेला रंग देण्यात घालवला, त्याच्याशी रंगावरून कोण हुज्जत घालणार? मी पुन्हा बादली भरली.

आमचे हे काचेच्या कारखान्यात रंगमास्तर. वाळू, सोडा, चुना भट्टीत जातो तो सारखाच. पण त्यात आणखी काय मिसळायचं आणि किती, यावर काचेतून कुठला उजेड पार होणार आणि कुठला अडणार ते ठरतं. तांब्याचा निळा वेगळा, कोबाल्टचा वेगळा. आणि कोबाल्ट तर इतकं जहाल की चिमूटभर जास्त पडलं तरी अख्खा घाणा काळवंडतो. लग्नानंतर महिन्याभरात हे सगळं मला पाठ झालं होतं, कारण ह्यांना दुसरा विषयच नव्हता. ह्यांच्या हातची फिकट निळी काच दिव्यांच्या शेडसाठी जायची. तरुणपणी जमलेल्या एका घाण्यातला तुकडा कारखान्याने नमुना म्हणून जपून ठेवला होता. नवी काच निघाली की त्याच्याशी ताडून बघायची, असा नियम. हे काही ताडून बघत नसत. “नमुना माझ्या डोळ्यांत आहे,” म्हणायचे. जेवतानासुद्धा म्हणायचे, कोणी विचारलेलं नसताना.

त्याच संध्याकाळी कारखान्याच्या प्रयोगशाळेतली मुलगी घरी आली. ही ह्यांच्याच हाताखाली तयार झालेली. एरवी आली की आधी स्वयंपाकघरात डोकावणार, “काकू, काय वास सुटलाय!” म्हणणार. आज दारातच उभी राहिली.

“मास्तर, उद्यापासून मी येणार नाही. मालकांनी काढून टाकलं.”

“मग काय आरती ओवाळतील?” हे तिच्यावर उखडले. “गाडीभर काच परत आली! दिवा लावला तरी खोलीत अंधार, असं गिऱ्हाईक म्हणतं. मी मात्रा मोजून ठेवतो, भट्टीत तू टाकतेस. लक्ष कुठे होतं तुझं?”

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

मी तिला पाणी द्यायच्या निमित्ताने आत नेलं. पेला तोंडाला लावायच्या आत तिला रडू फुटलं.

“काकू, कोणाला सांगू नका. मास्तर मोजून ठेवतात ना, त्यातलं कोबाल्ट मी रोज थोडं काढून ठेवते. बरेच महिने झाले. त्यांची मात्रा हळूहळू वाढतच चाललीय. आई आजारी पडली म्हणून एक दिवस मी न सांगताच घरी गेले, आणि भट्टीवाल्याने मात्रा तशीच्या तशी टाकली.”

“अगं मग मालकांना सांगायचं ना!”

“काय सांगू? मास्तरांना दिसत नाही म्हणून? मला रंग दाखवला तो त्यांनीच.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी तरातरा बाहेर आले आणि शर्ट ह्यांच्या पुढ्यात टाकला.

“अहो, हा शर्ट निळा आहे.”

हे हसले. “चेष्टा पुरे.”

“हिला विचारा.”

मुलगी मान खाली घालून म्हणाली, “निळा आहे, मास्तर.”

हसू विरलं. ह्यांनी तिच्यापुढे हात केला. “परत आलेल्या काचेचा तुकडा आणलायस? आणि नमुना?”

तिने पर्समधून दोन्ही काढून दिले. मालकांपुढे ठेवायला नेले होते, तसेच राहिले होते. हे खिडकीशी गेले. बाहेर अजून चांगला उजेड होता. एक तुकडा वर धरला, मग दुसरा, मग दोन्ही शेजारी शेजारी. कितीतरी वेळ बघत राहिले. मला चष्म्याशिवायही दिसत होतं, एक आभाळासारखा आणि दुसरा शाईच्या दौतीसारखा.

“काय फरक आहे यात?” ह्यांनी विचारलं.

मुलीने दोन्ही तुकडे ह्यांच्या हातातून अलगद काढून घेतले.

रात्री मी ह्यांना पोरीने सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. सकाळी हे न जेवताच कारखान्यात गेले. मालकांना म्हणाले, “चूक पोरीची नाही, माझ्या डोळ्यांची आहे. तिला परत घ्या, रंगाचं काम तिच्याकडे द्या. मला कुठेही टाका.” मालकांनी ह्यांना पॅकिंगमध्ये टाकलं. घरी आल्यावर हे मला इतकंच म्हणाले, “बसून काम आहे. बरं झालं, गुडघे दुखतच होते.” ह्यांचे गुडघे कधी दुखले नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंग वयाने पिवळं पडलंय, निळा उजेड त्यातून नीट आत जातच नाही.

“म्हणजे वाळूत लोखंड आलं, काच पिवळी पडली,” हे म्हणाले. “भट्टी बदलायला हवी.” डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि हे घरभर लहान मुलासारखे फिरले.

“ही बादली निळी आहे?”

“विकत घेतली तेव्हापासून.”

मग कपाट उघडलं. शर्टांची चळत बघून उभेच राहिले. “हे घालून मी गल्लीतून हिंडत होतो?”

“हो. आणि काय रुबाबात!”

हे खो खो हसले. हसता हसता पलंगावर बसले, आणि ते हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही. मी पाठीवर हात ठेवला. “किती दिवस ती पोर माझं झाकत होती,” म्हणाले, “आणि मी तिलाच ओरडलो.”

रंगाचं काम ह्यांनी पोरीकडेच राहू दिलं. ऑपरेशनची रजा संपून पॅकिंगच्या कामावर जायचा पहिला दिवस उजाडला. मी नवा पांढराशुभ्र शर्ट काढून ठेवला होता. ह्यांनी तो बाजूला सारला आणि जुन्यातला मागितला.

“अहो, निळाभोर आहे तो. आता तर तुम्हालाही दिसतोय.”

“दिसतोय म्हणूनच दे. माझ्याच मात्रेचा आहे.”

गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून, डबा घेऊन हे निघाले. मी दारात उभी होते. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत तो शर्ट दिसत होता.