तेल गळतंय, म्हणजे तेल आहे

मी गाडी बोलतेय. ब्रिटिश बनावटीची, वय वर्षं साठ, रंग गडद हिरवा, एक दरवाजा किंचित वेगळा हिरवा. माझं बोलून होईपर्यंत कृपया कोणी बॉनेट उघडू नये.

कित्येक वर्षं माझ्यावर एकच आरोप होतोय. म्हणे, ही भरवशाची नाही. कोण म्हणतं? ज्यांच्या गाडीच्या किल्लीलासुद्धा बॅटरी लागते ते! बॉनेटखाली काय असतं हे ज्यांनी जन्मात पाहिलेलं नाही ते! यांच्यापैकी एकानेही समोर येऊन विचारलेलं नाही, की बाई गं, तुझी बाजू काय? विचारणार नसाल तर न विचारता सांगते.

माझा जन्म ब्रिटनमधल्या एका कारखान्यात झाला. इंजिनाच्या मागच्या बाजूचा शेवटचा नट आवळला जात असतानाच चहाची घंटा वाजली. कामगार पाना ठेवून गेला. परत आला तोवर मी पुढे सरकले होते आणि त्याच्यासमोर दुसरीच गाडी उभी होती. तिचा नट त्याने दोनदा आवळला असणार. माझा तसाच राहिला, आणि तेव्हापासून तिथून थेंब थेंब तेल गळतं. लोक त्याला दोष म्हणतात. मी जन्मखूण म्हणते.

माझे पहिले मालक वकील होते. ते मला फक्त रविवारी बाहेर काढत. दुसरे फोटोग्राफर. ते माझ्यापुढे नवी जोडपी उभी करून फोटो काढत आणि मी अजिबात हलत नसे. हलता येत नव्हतं हा भाग वेगळा, पण एकही फोटो बिघडला नाही. मग सहा वर्षं एका शेडमध्ये गेली. तिथे एका मांजरीने माझ्या मागच्या सीटवर तीनदा पिल्लं घातली. मांजर किती चिकित्सक असते ते सांगायला नको. भरवसा वाटला नसता तर आली असती का?

शेडमधून मला बाहेर काढलं ते माझ्या आजच्या मालकांनी. ते दातांचे डॉक्टर आहेत. दात काढायचा नाही, वाचवायचा, हा त्यांचा हट्ट. मी म्हणजे त्यांना सापडलेली सगळ्यात मोठी दाढ. पहिल्याच दिवशी त्यांनी तोंडात घालायचा तो छोटा आरसा माझ्या डॅशबोर्डखाली घातला आणि म्हणाले, "वाचेल."

माझं सौंदर्य मी स्वतः काय सांगू? अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड आहे. खऱ्या कातड्याच्या सीटा आहेत, त्यांचा वास घ्यायला शेजारी उगाच पत्ता विचारायला येतात. चोकची मूठ अर्धा इंच ओढायची, तीनपर्यंत मोजायचं, किल्ली फिरवायची आणि तेवढ्यात कोणी शिंकायचं नाही. एवढं पाळलं की मी सुरू होतेच. हॉर्न डावीकडे वळतानाच वाजतो. माझे नटबोल्ट इंचांतले आहेत, त्यांना मिलिमीटर कळत नाहीत. म्हणून आमच्या मिस्त्रींनी माझ्यासाठी पान्यांची वेगळी पिशवी ठेवलीय. त्या पिशवीला ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

आणि माझ्या पोटाखाली डॉक्टरांनी दवाखान्यातला एक जुना स्टीलचा ट्रे ठेवलेला असे. रोज सकाळी दात घासत ते खाली वाकत आणि थेंब मोजत. अकरा थेंब म्हणजे तब्येत उत्तम. तोंडात फेस असतानाच म्हणत, "तेल गळतंय, म्हणजे तेल आहे!" तेल बघायला माझ्या इंजिनात एक पट्टी दिलेली आहे. ती त्यांनी नऊ वर्षांत एकदाही ओढून पाहिली नाही. आठवड्याला अर्धा डबा तेल अंदाजाने ओतायचं, हा त्यांचा शिरस्ता.

आता मॅडम. मॅडम म्हणजे डॉक्टरांची बायको, शाळेच्या मुख्याध्यापिका. चौतीस वर्षांत एक मिनिट उशीर नाही. माझ्यात त्या तीनदा बसल्या आणि तीनदा मी थांबले. चौथ्यांदा त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी बंदच होते, तरी मला आणखी बंद झाल्यासारखं वाटलं.

यात तेल ओतायला मॅडमचा धाकटा भाऊ होताच. त्याचं सोफ्यांचं दुकान. मला त्याने काचेमागे सजावटीला मागितलं.

"भावजी, इंजिन काढून टाकू," तो म्हणाला. "तिथे कुंड्या ठेवू. झकास दिसेल."

"तुझी अक्कलदाढ काढून तिथे तुळस लावू का?" डॉक्टर म्हणाले.

"दोघेही गप्प बसा," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी चार वाजता शाळेत माझा निरोपसमारंभ आहे. मी याच गाडीतून जाणार. चारच्या आत पोचवलं, तर ही इथेच राहील. नाही पोचवलं, तर शनिवारी दुकानात. त्यानंतर या विषयावर या घरात चर्चा होणार नाही."

डॉक्टरांचा चेहरा भूल दिल्यासारखा झाला. आणि मी? इंजिन काढणार होते हो माझं! कुंड्या!

पण मॅडम कितीही कडक असल्या तरी अन्यायी नाहीत. गुरुवारी डॉक्टर दवाखान्यात असताना त्यांनी गुपचूप मिस्त्रींना बोलावलं.

"परीक्षेला बसवायचं तर तयारी करून घ्यायला हवी," त्या म्हणाल्या. "हिची ती गळती बंद करा. आणि साहेबांना आज सांगू नका, उगाच नाचतील."

मिस्त्रींनी पिशवी उघडली, सील बदललं आणि साठ वर्षांपूर्वी चहामुळे राहिलेला तो नट आवळला. ठिबकणं थांबलं. ट्रे पुसून जागेवर ठेवला. माझ्यात तेल अगदी खुणेपर्यंत भरलेलं होतं. इतकं सुदृढ मला जन्मल्यापासून वाटलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर ब्रश घेऊन आले, वाकले आणि ओरडले, "अगं! थेंब नाही! एकही नाही! तेल संपलं!"

त्यांनी कोपऱ्यातला डबा उचलला आणि सगळा माझ्यात ओतला. पुन्हा खाली वाकून पाहिलं, ट्रे कोरडाच. मग दुसरा डबा. मी काय करणार? ओरडावं तर हॉर्न डावीकडे वळल्याशिवाय वाजत नाही. वर माझ्या बॉनेटवर थोपटून म्हणतात, "बाळा, आज लाज राख."

सव्वातीनला आम्ही निघालो. पुढे डॉक्टर आणि मॅडम, मागे मेहुणा. त्याने मोजपट्टी आणली होती आणि तो माझी रुंदी मोजत होता.

"ताई, दार काढावं लागेल बघ दुकानाचं. नाहीतर हिचंच काढू."

"हात आवर," मॅडम म्हणाल्या.

पहिली दहा मिनिटं मी अशी धावले की मेहुण्याने मोजपट्टी मिटली. मग जादा तेल इंजिनात घुसळायला लागलं. त्याचा फेस झाला, फेस जिथे जाऊ नये तिथे गेला आणि माझ्या मागून निळसर धुराचा एवढा लोट निघाला की मागचा सायकलवाला दिसेनासा झाला. वाचनालयासमोरच्या चढावर मी दोनदा खोकले आणि थांबले. चार वाजायला वीस मिनिटं होती.

"झालं!" मेहुणा म्हणाला. "कुंड्या कुठल्या रंगाच्या हव्यात?"

डॉक्टरांनी मिस्त्रींना फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"तेल किती घातलंत?" मिस्त्रींनी विचारलं.

"दोनच डबे."

"दोन! का पण?"

"ट्रेमध्ये थेंब नव्हता."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मिस्त्री म्हणाले, "डॉक्टर, गळती मी काल बंद केली. मॅडमनीच सांगितलं होतं."

डॉक्टरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी डॉक्टरांकडे बघितलं. "पट्टी ओढून बघायची असते ना हो?" त्या एवढंच म्हणाल्या. आवाज परीक्षेच्या पेपरात कोरं पान सापडल्यासारखा होता.

इथे माझ्या टीकाकारांनी कान देऊन ऐकावं. नवी गाडी बंद पडली की मागचे लोक हॉर्न वाजवतात. मी बंद पडले तर वाचनालयातून ग्रंथपाल आले, समोरून फळवाला आला, शिडी घेतलेला रंगारी आला, ड्युटीवरून सुटलेल्या दोन नर्स आल्या. धुरातला सायकलवालाही आला, खोकत, पण आला. प्रत्येकाच्या काकांकडे माझ्यासारखीच गाडी होती. फळवाल्याच्या तर दोन काकांकडे! मी जिथे थांबले तिथे माणसं आली नाहीत असं साठ वर्षांत झालेलं नाही. याहून मोठा भरवसा कुठला असतो ते मला दाखवा.

"उतरू नका मॅडम, बसा," रंगारी म्हणाला. "गाडीत बसूनच जायचं."

त्यांनी मला ढकललं. चढ संपेपर्यंत डॉक्टर ढकलत होते, आणि मोजपट्टी खिशात घालून मेहुणाही. "ताई, खाली उतर ना, वजन आहे गं तुझं!" तो म्हणाला. आतून उत्तर आलं, "लहानपणी घोडा होऊन तुला पाठीवर फिरवलंय मी. ढकल!" उतारावर दोघे आत बसले, डॉक्टरांनी स्टिअरिंग धरलं, मी आपली आपण घरंगळले, आणि शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा चार वाजून अकरा मिनिटं झाली होती.

फाटक बंद होतं. रखवालदार ताठ उभा.

"अहो, उघडा!" डॉक्टर धापा टाकत म्हणाले. "समारंभ यांचाच आहे!"

"चारला फाटक बंद. मॅडमचाच नियम आहे, साहेब." रखवालदार जागचा हलला नाही. त्याने फटीतून एक वही पुढे केली. उशिरा येणाऱ्याने नाव, वेळ आणि कारण लिहायचं, मगच आत. "मॅडम, माफ करा. पण तुम्हीच म्हणायचात, अपवाद केला की नियम मेला."

मॅडम खाली उतरल्या. त्यांनी वही घेतली आणि माझ्या बॉनेटवर ठेवली. बॉनेट गरम होतं, तरी हात हलला नाही. नाव लिहिलं. वेळ लिहिली, अकरा मिनिटांसकट. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

मेहुणा मान लांब करून बघत होता. डॉक्टरांनी डोळे मिटले होते. 'गाडी बंद पडली' असे तीन शब्द पुरले असते. खरेही होते. त्या तीन शब्दांनी माझं इंजिन उद्या सकाळी निघालं असतं.

मॅडम लिहीत गेल्या. रकाना संपला, तशी ओळ कडेच्या मोकळ्या जागेत वळली. मग त्यांनी वही रखवालदाराला दिली आणि त्याने, रोजच्या सवयीने, मोठ्याने वाचली:

"गाडीची तयारी पूर्ण होती. पतीने न तपासता दोन डबे तेल जास्त घातले. पत्नीने गळती बंद केल्याचे पतीला कळवले नाही. दोघेही दोषी. गाडी निर्दोष."

खाली सही, तारीख, शाळेचा शिक्का.

मेहुणा म्हणाला, "ताई, अगं पण..."

"दुकानात कुंड्या ठेव," मॅडम म्हणाल्या, "नुसत्याच." आणि आत गेल्या.

आज मी घरीच आहे. जादा तेल काढलं, प्लग पुसले, ट्रे दवाखान्यात परत गेला. डॉक्टर रोज सकाळी पट्टी ओढून बघतात, आणि थेंब मोजायला नाहीत म्हणून थोडे उदास असतात. चालवायला शिकतायत मॅडम. निवृत्तीत वेळ भरपूर आहे, असं त्या म्हणतात. पण त्यांच्या वेळात आणि माझ्या वेळात फरक आहे, तो आम्ही हळूहळू मिटवतोय.

तुमच्याकडे माझी एखादी बहीण धूळ खात उभी असेल, तर एवढंच मागणं आहे: तिच्यावर काहीही लिहायची वेळ आली, तर आधी तपासा आणि मग लिहा. आमच्या बाजूने लिहिणारं कोणी फार मिळत नाही.

आता निघते. मॅडम गॅरेजच्या दारात घड्याळ बघत उभ्या आहेत. थांबायची सवय त्यांना नाही. मला आहे, पण आज नाही थांबणार.