‘वा!’ आल्याशिवाय जेवायचं नाही

“याचा घसाच बसलाय. सुई बदलली, पट्टा बदलला, तरी हा आपला तोंडात रुमाल कोंबल्यासारखा गातोय!”

हे माझ्यापासून वीतभर अंतरावर, अगदी माझ्या तोंडावर म्हटलं गेलं. म्हणणारे आमचे मालक. आणि मित्रांनो, तो बसक्या घशाचा म्हणजे मी, तबकड्या वाजवणारा एक जुना रेकॉर्ड प्लेअर. माझं झाकण एका कोपऱ्याला तडकलं आहे आणि पॉलिश कधीच उडालं आहे. तेवढं सोडलं, तर माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त मी दमलो आहे. वाजून नव्हे, बोलणी खाऊन.

एका कारखान्यात एका बाईने माझ्या पोटातल्या तारा जोडल्या. डाख देताना ती गुणगुणायची. मला वाटतं, माझा सूर तिथूनच आला असावा. मग काही महिने दुकानाच्या काचेआड काढले. एके दिवशी एक नवं जोडपं आलं. आधी पलंग घ्यायचा की मला, यावरून दोघांचं दुकानातच वाजलं. संसारात त्यांचं पहिल्यांदा वाजलं ते असं. पलंग राहिला, मी आलो. पहिलं वर्षभर दोघं जमिनीवर गादी टाकून झोपली आणि मी मात्र टेबलावर.

मालकांचा धंदा पियानो सुरात लावण्याचा. काय कान होता त्यांचा! स्वयंपाकघरात चमचा पडला, तर बाहेरून ओरडून सांगायचे, तो कुठल्या सुरात पडला. मालकीणबाई म्हणायच्या, “सूर कळला ना? मग आता उचलायलाही या.”

दर दोन-तीन महिन्यांनी या घरी गाण्याचं जेवण असतं. चार स्नेही येतात. प्रत्येकाने एक तबकडी आणायची. ज्याची तबकडी, त्याला पहिलं वाढायचं. गाणं चालू असताना बोलायचं नाही, चमचा वाजवायचा नाही. आणि गाणं संपल्यावर मालक डोळे उघडून ‘वा!’ म्हणेपर्यंत घास तोंडात घालायचा नाही. या एका नियमापायी किती सूप निवलं, ते मीच जाणतो. पण कोणी कुरकुर केली नाही. त्या ‘वा!’साठी तर सगळे यायचे. तो मिळाला की माझाही पट्टा सैलावायचा.

पुढे मालक म्हणू लागले, माझा आवाज उतरला. पहिल्यांदा मला खरंच वाटलं. सुई बदलली, पोट उघडून पुसलं. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, “साहेब, याला काही झालेलं नाही.” मालकांनी दुरुस्तीवालाच बदलला. आवाजाचं बटण एकेक घर पुढे सरकत गेलं आणि आता ते शेवटाला टेकलं आहे. मी घसा फोडून गातो. पाहुण्यांतले दातांचे डॉक्टर हल्ली येताना दवाखान्यातला कापूस आणतात आणि जेवायला बसण्याआधी हळूच कानात घालतात. तरी विचारलं की सगळे एका सुरात म्हणतात, “हो हो, मशीन जुनं झालंय.” खरं कोण बोलणार?

आज तर मालकांनी जाहीरच केलं, “आजचं जेवण झालं की हा भंगारात. नवा सांगून ठेवलाय.”

मी ज्या कपाटावर असतो, ते स्वयंपाकघराच्या दारालगत आहे. तिथे थांबून पाहुण्यांपैकी शाळेतल्या संगीताच्या बाई मालकीणबाईंना कुजबुजल्या, “वहिनी, रागावू नका. भाऊंनी शाळेचा पियानो लावला ना, तो मी नंतर दुसऱ्याकडून लावून घेतला. मुलं हसायला लागली होती हो.”

“ठाऊक आहे मला.”

“मग तुम्ही बोलत का नाही?”

“काय बोलू? हात मोडला, पाय मोडला तर सांगता येतं. यांचं सगळं कानातच आहे. तेच गेलं म्हटलं, तर उरलेल्या माणसाला मी काय देऊ?”

मग सगळे टेबलाशी बसले. सूप वाढलं. पहिली तबकडी संगीताच्या बाईंची होती, एका स्त्रीच्या आवाजातलं संथ गाणं. मालकांनी सुई टेकवली, डोळे मिटले आणि बोटांनी टेबलावर ताल धरला.

इतके दिवस त्यांचं निभावलं कसं, ते माझ्या उंचीवरून दिसतं. गाणं संपलं की मालकीणबाई टेबलाखाली त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवतात. मग ‘वा!’ येतो. पण आज गाण्याच्या मध्यावर करपल्याचा वास आला आणि त्या स्वयंपाकघरात ओव्हनमधल्या केककडे धावल्या.

गाणं संपलं. माझी सुई शेवटच्या रेघेत फिरू लागली. खर्र-टक. खर्र-टक. बटण शेवटाला, त्यामुळे तो ‘टक’ भिंतीवर हातोडा मारल्यासारखा वाजत होता. मालक डोळे मिटून ताल देत होते. पाठ असलेलं गाणं त्यांच्या मनात अजून चाललं होतं. चौघं सूपकडे बघत बसले. नियम होता ना!

मित्रांनो, वस्तू जपून वापराव्यात, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझ्यावरची धूळ पुसा, तबकडी कडेने धरा, हे मीही सांगेन. पण जपणं म्हणजे लपवणं नव्हे. ही माणसं एका माणसाला इतकी जपत होती, की तो भरल्या टेबलाशी एकटा पडला होता. आणि मला भंगारात घालून काही कोणाचे कान परत येणार नव्हते.

मालकीणबाई हातात ओव्हनचे जाड हातमोजे तसेच घेऊन धावत आल्या. त्यांनी माझी सुई उचलली. खोली शांत झाली. मालकांची बोटं चालूच.

मालकीणबाईंनी त्यांच्या खांद्याला हात लावला. मालकांनी डोळे उघडले. “वा! काय गायलीये! पण बघ, याचा आवाज पारच गेला.”

“हो हो, मशीन...” डॉक्टरांनी सुरुवात केली.

“त्याचा आवाज चांगला आहे,” मालकीणबाई म्हणाल्या. “तुम्हाला ऐकू येत नाही.”

डॉक्टरांनी हळूच कानातला कापूस काढला.

“काय?” मालकांनी कानामागे हात नेला. “काय म्हणालीस?”

एकदा बोलायलाच एवढी वर्षं लागली होती. मालकीणबाईंनी हातमोजे खाली टाकले, त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि टेबलावरचे ग्लास किणकिणतील एवढ्या मोठ्याने त्या म्हणाल्या,

“अहो, तुम्हाला ऐकू येत नाही!”