शुभेच्छुकांत शालूबाई

बशीच्या काठाचा टवका उडालेला... आणि त्या टवक्यापाशी चहाचा एक थेंब अडून बसलेला — धड ओघळेना, धड सुकेना. अनुजा कधीची त्या थेंबाकडेच बघत होती, कारण बशीशेजारी मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये यादी होती. राष्ट्रीय अंतराळ संस्थेच्या नियामक मंडळावर नेमलेले नऊ सदस्य. तिसऱ्यांदा वाचली तरी नऊच, आणि त्या नवांत ती नाहीच. सहाव्या नावाचा गृहस्थ तर तिच्याच हाताखाली तपासणीचा अहवाल लिहायला शिकलेला. असू दे, हुशार होता... असू दे कसलं!

महिन्यापूर्वी दिल्लीहून फोन आला होता. 'मॅडम, तुमचं नाव जवळपास नक्की आहे, फक्त आदेश निघायचाय. इतक्यात कुठं बोलू नका.' जवळपास! पस्तीस वर्षं रॉकेटच्या इंधनटाक्या तपासलेल्या बाईला हा शब्द कळू नये? टाकी जवळपास गळत नाही, असं तिनं कधी कुणाला लिहू दिलं असतं का? पण कानाला गोड लागलं, आणि निवृत्तीनंतर या घरात आण्णांशी बोलायला तिच्याकडे दुसरं होतं तरी काय? तिनं त्यांना सांगून टाकलं.

आण्णा म्हणजे गणपतराव, तिचे वडील. वय अठ्ठ्याऐंशी, उभा जन्म चंदगडची एसटी चालवण्यात गेलेला. त्यांनी नुसती मान हलवली. आणि चौथ्या दिवशी चौकात हा भला मोठा फ्लेक्स! कोल्हापुरात आदेशाची वाट कोण बघतंय? सोसायटीच्या चेअरमनचं अभिनंदन मतमोजणीआधी होतं, तालमीच्या उपाध्यक्षाचं होतं, मग अंतराळाचं का अडावं? मधोमध अनुजा, मागं कुठल्या तरी परक्या देशाचं रॉकेट, खाली दोन ओळी भरून शुभेच्छुक — गॉगल लावलेली तालमीची पोरं — आणि त्या पोरांच्या शेवटी, डोक्यावर पदर घेतलेली, कॅमेऱ्याला जराशी बिचकलेली... आई. खाली नाव, शालूबाई. नावाआधी 'कै.' नव्हतं.

"आण्णाच म्हणाले, ताई," फ्लेक्स छापणारा गल्लीतला सोहेल सांगत होता. "शुभेच्छुकांत घाल म्हणाले. कैलासवासी लिवू काय म्हटलं, तर खवळले की माझ्यावर!"

त्या दिवशी चौकात उभी राहून ती रडली होती. अकरा वर्षांनी आण्णांनी आईला तिच्यासमोर आणलं होतं. अकरा वर्षांपूर्वी एका शुक्रवारी पहाटे त्यांचा फोन आला, आई गेली, आणि ती म्हणाली होती, आण्णा, परवा उड्डाण आहे, मला इथून हलता येणार नाही... खरंच हलता येत नव्हतं का? तिच्या जागी सही करायला दोघंजण होते. होते की नाही? होते. उड्डाण झालं, टाळ्या झाल्या, ती घरी पोचली चौथ्या दिवशी, रक्षाविसर्जन उरकल्यावर. आण्णांनी एवढंच विचारलं, जेवलीस? त्यानंतर आईचं नाव त्यांनी तिच्यापुढं कधी काढलं नाही. म्हणून तो कोपऱ्यातला फोटो पाहिला तेव्हा तिला वाटलं, सुटले. एवढी मोठी निवड झाली म्हणजे त्या चार दिवसांचं काहीतरी मोल झालं, आण्णांना ते पटलं, आणि मी सुटले.

मोबाईल वाजला. सोहेलच होता. "ताई, चौकातली जागा उद्यापास्नं वाढदिवसाला दिलीया. तुमचा सांजच्याला उतरवू काय?"

बरं झालं. आपसूक उतरेल. आण्णांना काही सांगायलाच नको...

"चल गं, जाऊन येऊ." आण्णा टोपी घालून दारात उभे. महिनाभर रोज अकराला ते तिला घेऊन चौकात जात, फ्लेक्ससमोरच्या कट्ट्यावर बसत आणि न बोलता परत येत. त्यांनी चपलेत पाय घातला आणि तिच्यानं राहवेना.

"आण्णा, यादी आली. माझं नाव नाही त्यात."

"न्हाय?"

"नाही. दुसऱ्यांना घेतलं."

ते उंबऱ्यावर टेकले. "आनि ते फ्लेक्स?"

"सोहेल उतरवतोय आज."

"तुझं काढू दे. रॉकेट बी काढू दे. हिचा फोटू तेवढा ऱ्हाऊ दे म्हणावं."

"असा कसा राहील, आण्णा?"

"का? कापायचा आनि ठेवायचा. ती गेली तवा श्रद्धांजलीचा बोर्ड न्हाई लावला म्या. पोरं आलती इचाराय, खाली कुणाचं नाव घालू म्हनून. म्हटलं, लेक येऊ दे, मग लावू." चंदगडची गाडी अर्धा तास उशिरा सुटली हे सांगावं तितक्याच शांतपणे ते सांगत होते. "मग ऱ्हाऊनच गेलं ते."

अनुजा तशीच उभी. म्हणजे महिनाभर आण्णा रोज चौकात जात होते ते... तिला वाटलं होतं, आपल्याला बघायला. कट्ट्यावर त्यांच्याशेजारी बसून ती आपल्याच फोटोकडे बघत राहिली, आणि त्यांची नजर कुठं आहे हे एकदाही वळून पाहिलं नाही. माफ कुणी केलंच नव्हतं. कुणी रागावलंही नव्हतं. एक माणूस आपल्या बायकोचा बोर्ड लावायला अकरा वर्षं थांबला होता, इतकंच.

त्यांच्याजवळ जाऊन बसावं. निदान आई म्हणून एकदा मोठ्यानं बोलावं. ती उंबऱ्याकडे निघाली, खाली बसली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला — आणि तेवढ्यातही, आईचा चेहरा डोळ्यांपुढं असताना, ते सहावं नाव आत कुठंतरी टोचतच होतं. अजून टोचत होतं. अशी कशी मी, आई?... तिनं हात मागं घेतला नाही, पण मान वर करून आण्णांकडे बघायचा धीर काही तिला झाला नाही.