पडद्यावरची निवांत हवा

लिनेट ओस्बर्नचं संगणकातलं हवेचं मॉडेल पुन्हा फुटलं, तेव्हा खिडकीबाहेर डोंगरावरून सुटलेला शिनूक वारा कुणाचा तरी कचऱ्याचा डबा पार्किंगमधून गडगडत घेऊन चालला होता. बोल्डर गावात सगळं हलत होतं. हलत नव्हती ती फक्त तिच्या पडद्यावरची हवा.

त्या पडद्यावर दोनच गोष्टी घडायच्या. एक तर हवा साय धरलेल्या दुधासारखी निपचित पडून राहायची, नाहीतर आकडे भलतेच फुगायचे आणि मॉडेल जागच्या जागी बंद पडायचं. तिसरं काही नाही. वर्षभर या दोन टोकांमध्ये येरझारा घालून लिनेट पार वैतागली होती. घरी जेवताना ती आता नवऱ्यावरही खेकसायची, आणि तो बिचारा फक्त मीठ मागत असायचा.

काम म्हणावं तर एवढंसं होतं. गेल्या हिवाळ्यात एक प्रवासी विमान रॉकीजचे डोंगर ओलांडताना, अकरा किलोमीटर उंचीवर, असं काही आपटलं की मागे कॉफी वाढणारी डेल्फीन रूक्स छताला लागून खाली आदळली. तिचा मणका मोडला. विमान चालवणारा कॅप्टन ऑरिन साथर म्हणत होता, हवेने मारलं. कंपनी म्हणत होती, हवेने कसलं, यानेच घाबरून विमानाची दांडी ओढली. विमानातल्या नोंदींत धक्का दिसत होता, पण आधी हवा हलली की हात, त्यावर तज्ज्ञांचं एकमत होत नव्हतं. म्हणून चौकशी समितीने लिनेटच्या संस्थेला विचारलं होतं, त्या दिवशी त्या जागी हवा खवळलेली होती का?

होती, याबद्दल लिनेटच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पश्चिमेचा वारा डोंगरावर धडकतो, त्याची लाट होते आणि ती वर चढत जाते. जिथे ढगपावसाचं आपलं हवामान संपून वरचा शांत थर सुरू होतो, त्या सीमेवर पुष्कळदा ती फुटते. पण मनाला कोण विचारतो? समितीला चित्र हवं होतं. ऑरिनचाही सुरुवातीला दर आठवड्याला फोन यायचा. पानगळीत तिने त्याला सांगितलं होतं, "अजून काही दिसत नाही, कॅप्टन." तेव्हापासून त्याचा फोन येणं बंद झालं होतं.

"पुन्हा मेलं?" वेंडेल क्रूगर दारात उभा होता. तो तिचा गटप्रमुख, हातात अर्धा खाल्लेला बरीटो.

"मेलं. आणि तुझ्या दाढीला हिरवी मिरची लागलीये."

"स्पंज वाढव."

लिनेटने डोळे मिटून घेतले. मॉडेलमधल्या आकाशाला वर कुठेतरी छत घालावंच लागतं. लाटा त्या छताला आपटून परत येऊ नयेत म्हणून त्याच्याखाली लाटा पिऊन टाकणारा एक थर ठेवतात. धंद्यातले सगळे त्याला स्पंज म्हणतात. मॉडेल फुटलं की स्पंज जाड करायचा, ही इथली जुनी रीत. पोर रडलं की दृष्ट काढावी, तसं. का रडतंय ते कुणी बघत नाही.

"मागच्या वेळी वाढवला, तर हवा इतकी शांत झाली की तिच्यात सापशिडीचा डाव मांडावा."

"मग तेच कळव की! स्थिर उत्तर आहे, देखणं आहे. समितीला शुक्रवारी काहीतरी द्यायला हवं ना?"

"ते खोटं आहे, वेंडेल."

"खोटं कशावरून? तुझ्याकडे दुसरं काय आहे? अंतर्ज्ञान?"

हे तिला झोंबलं, कारण खरं होतं. ती ताडकन उठली. "काय आहे विचारतोस? मढी आहेत! वर्षभरातल्या सगळ्या मेलेल्या गणितांची मढी! आणि मेलं तेही काय, दर वेळी तिथेच जाऊन! त्या पूर्वेकडच्या कड्याच्या डोक्यावर, अकरा किलोमीटरच्या आसपास! जसं काही तिथे..."

ती थांबली. वेंडेलचं तोंडही चावता चावता थांबलं.

मॉडेल मेलं की शेवटच्या ओळीत कुठे मेलं ते लिहून येतं. ती ओळ पाहायची, शिवी हासडायची आणि स्पंज वाढवायचा. मेलेल्याचा पत्ता वाचून करायचंय काय? तिनेही तो वर्षभर नुसता पाहिला होता, वाचला नव्हता.

"वेंडेल," ती सावकाश म्हणाली, "विमान तिथेच आपटलं होतं. त्याला काही आपल्या प्रोग्रॅममधली चूक चावली नव्हती ना?"

मॉडेल काळ छोट्या छोट्या पावलांनी मोजतं. एका पावलात हवा फार लांब उडाली तर त्याचा हिशेब कोलमडतो. त्या कड्यावर हवा खरोखरच तशी उडत होती. मॉडेल बोंबलून तेच सांगत होतं, आणि हे शहाणे दर वेळी त्याला झोपेची गोळी देत होते. त्यातून स्पंज वाढवता वाढवता इतका खाली आला होता, की लाट सीमेवर पोचायच्या आतच तो तिला पिऊन टाकत होता.

तिने स्पंज उचलून पार वर नेला, मॉडेलमधले हवेचे थर पातळ केले आणि पावलं बारीक केली. याला यंत्राचा वेळ बेसुमार लागणार होता. वेंडेलने कुरकुरत ढगांच्या अभ्यासासाठी राखलेला आपल्या वाट्याचा दिला. "माझे ढग गेले तुझ्या डोंगरात," एवढंच म्हणाला. शायेनच्या महासंगणकावर रांगेत ताटकळण्यात आणखी आठवडा गेला. शुक्रवार टळला, वेंडेलने समितीची बोलणी खाल्ली.

मग एका दुपारी पडद्यावर लाट उठली, चढली, सीमेवर जाऊन वाकली आणि फुटली. लिनेटला आनंद झालाच नाही. राग आला. एवढंच होतं, तर वर्षभर काय झक मारली?

तिने ऑरिनला फोन लावला. "कॅप्टन, सापडलं. हवाच होती."

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय. पानगळीत तू म्हणालीस ना बाई, काही दिसत नाही म्हणून?"

"अजून दिसत नाही, असं म्हणाले होते."

"हो, 'अजून' होतं. थोडे दिवस धरून बसलो त्याला. मग म्हटलं, एवढं मोठं यंत्र, एवढी शिकलेली माणसं, आणि इकडे माझे दोन हात. हातच चुकले असतील. आणि मग मला आठवायला लागलं गं, मी दांडी कशी ओढली ते. रोज जास्तच स्पष्ट."

लिनेटने घाईने विचारलं, "समितीला लिहून दिलंत?"

"समिती गेली उडत. डेल्फीनकडे गेलो. ती माझ्यासाठी कंपनीशी भांडत होती, पाठीला पट्टा बांधून. तिच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं, माझ्यामुळे झालं हे. ती पुष्कळ रडली. मग तिने मला माफ केलं. सोपं नव्हतं तिला. त्या माफीचं आता काय करू मी?"

लिनेटने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि आता मी जाऊन सांगितलं की हवाच होती, तर म्हणेल, माफी मिळाली आणि म्हातारा पलटला."

"तुम्ही नका सांगू. मी सांगते डेल्फीनला. तुम्हाला घ्यायला येते."

"नक्की आहे ना या वेळी? पुन्हा तो 'अजून' नको मला."

नक्की हा शब्द तिच्या धंद्यात कुणी वापरत नाही. शक्यता सांगतात, मर्यादा सांगतात, आणखी अभ्यासाची गरज आहे म्हणतात. तिने पडद्याकडे पाहिलं. कड्यावरची हवा अजून उसळत होती.

"नक्की आहे, कॅप्टन," ती म्हणाली, आणि कोट शोधायला लागली.