आंधळ्या गटाचं पातेलं

राखीनं काचेची नळी आडवी धरली आणि एका टोकाला दिवा लावला.

आतल्या फळमाश्यांचं खाणं तांदळाचं पीठ, साखर, यीस्ट. बाकी काही नाही.

तिकडे आईच्या अंगणवाडीत एक पोरगं चमचा पाहून तोंड घट्ट मिटून बसलेलं.

शुक्रवारी प्रयोग तपासायला परीक्षक. महिनाअखेर शिष्यवृत्ती बंद.

फळमाशीच्या डोळ्यातलं उजेड टिपणारं रंगद्रव्य तिच्या खाण्यातूनच बनतं.

नळीतल्या माश्या उजेडाकडे धावल्या. सगळ्याच्या सगळ्या.

धावायला नको होत्या. हा आंधळा गट होता. 'अ' जीवनसत्त्वाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेला; डोळ्यांत रंगद्रव्य नाही, म्हणून उजेड टिपणाऱ्या पेशी सुकत चाललेल्या. गेल्या महिन्यात याच गटातल्या माश्या नळीत जिथल्या तिथे बसून होत्या. त्यानंतर एकच गोष्ट बदलली होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला गॅस संपला, नवा सिलिंडर मंजूर होईना, म्हणून माश्यांचं खाणं घरी आईच्या हातानं शिजत होतं.

भर दुपारी राखी खामगावच्या गल्ल्या तुडवत घरी आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात शिरली. तिची आई कोकिळाबाई नुकत्याच अंगणवाडीतून आल्या होत्या, सेविकेची साडी अजून अंगावरच होती.

"आई, पांढऱ्या पातेल्यात काय टाकलं तुनं?"

"तू सांगतलं तेच."

"आन?"

कोकिळाबाईंनी कोथिंबीर निवडायला घेतली. ती निवडलेलीच होती.

"आन काय टाकलं?"

"थेंबभर औषध. लेकरायले पाजतो ते. बाटलीच्या बुडाशी राह्यलं होतं."

ते पिवळसर औषध राखीला चांगलंच ठाऊक होतं. पोरांची नाकं दाबून आई ते चमच्यानं पाजायची. निव्वळ 'अ' जीवनसत्त्व.

"माह्या सगळ्या मेहनतीची माती केली तू."

"चिलटंच त होत वं ते."

"चिलटं होत, त मंग तुले काऊन पुळका आला त्यायचा?"

"तू दोन पातेले ठेवते माह्यासमोर. एकात मक्याचं पीठ, गूळ, गाजराचा कीस. दुसऱ्यात निस्ती तांदळाची खळ. आन सांगते काय, हे खाऊन ते आंधळे होतीन. पंक्तिप्रपंच माह्या हातानं होत नाही."

"पंगत नाही ही. प्रयोग आहे." राखीनं पातेलं ओट्यावर आदळलं. "शुक्रवारी परीक्षकाले काय सांगू? आईनं वाढलं?"

"सांग. एवढं शिकलेलं माणूस, त्याले आई नसन का?"

राखीनं पातेल्यातली खळ मोरीत ओतली, तारेच्या घासणीनं पातेलं घासलं, पुन्हा घासलं. हाताची बोटं लाल झाली तरी ती थांबली नाही. मग तांदळाचं पीठ मोजून घेतलं आणि शेगडी पेटवली.

"आता हात लावू नको याले."

"नाही लावत. तुहं तू वाढ."

फडताळात वरच्या फळीवर औषधाची ती बाटली होती. राखीनं ती उचलली आणि कचऱ्याच्या डब्याकडे वळली. कोकिळाबाईंनी तिचं मनगट धरलं. इतकं करकचून, की काकणं कातडीत रुतली.

"ते फेकाचं नाही."

"रिकामी आहे."

"तरी."

एवढ्या वर्षांत आईनं तिला असं कधी धरलं नव्हतं. राखीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाटली होती तिथं ठेवली. राग गेला नव्हता. तो कुठं ठेवावा तेवढं कळेना. तिनं पळी घेतली आणि पांढरं पीठ ढवळू लागली. कोकिळाबाई तिच्याकडे पाठ करून उभ्या होत्या, पण खोलीतून गेल्या नाहीत.

कोकिळाबाईंचा धाकटा भाऊ गोवरानंतर, हेच जीवनसत्त्व कमी पडून, आंधळा झाला, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या, आणि घरात ताटं वाढायचं काम त्यांच्याकडे होतं.