मनगटावर न पोचलेले ठोके

कोरोना गेला, पण बोटाला लावायचं ते मशीन काही मुंजाजीच्या गळ्यातून गेलं नाही. चकलांब्याच्या शिवारात त्याचा मेंढवाडा. शंभरावर मेंढरं, दोन घोड्या, लेक सोमेश्वर, सून धनश्री आणि बायको कडूबाई. दिवाळी सरली की सगळं बिऱ्हाड गोदाकाठाला चरायला निघायचं ते पाऊस पडेस्तोवर परतायचं नाही. निघण्याआधी मुंजाजी एकेकाच्या बोटाला मशीन लावायचा आणि मोठ्या डॉक्टरच्या थाटात निकाल द्यायचा, "चल, तू फिट हायस."

औंदा मात्र खुद्द डॉक्टरच धापा टाकत होता. साधा बांध चढला तरी खाली बसायचा. पायावर सूज. झोपायचा तोही पोत्याला टेकून. कडूबाईने दवाखान्याचं नाव काढलं की हा बोट मशीनमध्ये घालायचा. नाडीचा आकडा वेड्यासारखा नाचायचा. एकसष्ट, नव्वद, परत खाली. मनासारखा आला रे आला की बोट बाहेर!

"हे बग. अठ्ठ्याहत्तर. जवान गड्याची नाडी बी अशी न्हाई चालत."

"आवो, मंग धाप कावून लागती?"

"हवा बदलली."

कडूबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. म्हाताऱ्याला बोलून बोलून तिच्या जिभेला फोड यायचे बाकी होते. आजारी मेंढीच्या बरगडीवर हात ठेवून जनावर जगतं की जातं ते सांगणारा हा माणूस, आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवायला तयार नाही! शेवटी परवा तेल चोळायच्या निमित्ताने तिनेच ठेवला. हाताखाली नुसती पळापळ चालली होती. दोन ठोके एकदम, मग खंड, मग चार.

उद्या पहाटे निघायचं होतं. घोडीवर बिऱ्हाड लादणं हे बायांचं काम. पाटी, भांडी, कोंबड्यांचं खुराडं, सगळं तोलून बांधायला हात बसलेला लागतो, आणि पुरुषाने त्याला हात लावला तर भावकी वर्षभर हसते. कडूबाई गाठोड्यावर फतकल मारून बसली.

"दवाखाना झाल्याबिगर हे बिऱ्हाड हलनार न्हाई."

मुंजाजीने आरडाओरडा केला. घरादाराचा उद्धार केला. सोमेश्वरकडे पाहिलं, तर तो ढगांकडे पाहत होता. धनश्री नवीन, तिला अजून नीट लादता येत नव्हतं. तासाभराने म्हातारा काळीपिवळी जीपमध्ये बसला, पण दातओठ खात.

तालुक्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिने छातीला नळी लावली आणि नर्सला हाक मारली, "सिस्टर, तुम्ही मनगट धरा. एकच घड्याळ, एकच मिनिट. दोघी सोबत मोजू."

मिनिट संपलं. डॉक्टरणीने छातीवर एकशेबावीस मोजले होते, नर्सने मनगटावर चौऱ्याऐंशी.

"आमच्या मशीनवर बी तेवढेच येतेत," मुंजाजी खुशीत म्हणाला.

"बाबा, मशीन बोटापर्यंत पोचतं तेवढंच मोजतं. तुमचं हृदय घाईघाईत, वेडंवाकडं धडधडतंय. काही वेळा आत रक्त भरायच्या आतच ते आवळतं. तो ठोका छातीत वाजतो, पण मनगटापर्यंत येत नाही. जेवढी तूट जास्त, तेवढं हृदय फुकट राबतंय."

"पर मनगटावर तर बराबर हायेत की!"

इथे कडूबाईचा बांध फुटला.

"आवो, वाड्यातून सवाशे मेंढरं सोडली आन् पानवठ्यावर ऐंशीच आली, तर ऐंशी तर आलीत म्हनून बिडी वढत बसताल का?"

डॉक्टरणीला हसू आलं, पण तिने ते आवरलं. ईसीजीची पट्टी काढली आणि ती पाहून पुढचं सांगितलं. असं हृदय नुसतं थरथरत राहिलं की वरच्या कप्प्यात रक्त साचून गाठ होते. ती डोक्यात गेली की लकवा. रक्त पातळ ठेवायची गोळी, ठोके आवरायची गोळी, दोन्ही रोज. हृदयाचा फोटो काढायचा, तपासणीला येत राहायचं. आणि ठोके ताळ्यावर येईस्तोवर मेंढरांमागे चालायचं नाव काढायचं नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर मुंजाजीने गोळ्यांची पुडी नीट खिशात ठेवली. कडूबाईला वाटलं, आता तरी शहाणपण आलं.

"ठोका चुकतो ते मला ठावं हाय," तो एकाएकी म्हणाला. "आखाडापासून."

"काय?"

"रातचं कानात वाजतंय. उशीला कान लावला की."

कडूबाईने चहाचा कप आदळला. "आन् तरी ते डबडं दाखवून मला येड्यात काढलं? चार म्हैने? मेला असता तर?"

"सांगितलं असतं तर मला घरी ठेवलं असतं." तो तिच्याकडे बघत नव्हता. "बिऱ्हाड तुज्याबिगर हलत न्हाई. तू गेली असतीस त्यांच्यासंगं. पाऊस पडंपतुर मी इथं एकला. भाकर कुनी बी घालील गं. पर एकला."

डॉक्टरीण बोलत होती तेव्हाच कडूबाईने मनात जुळवलं होतं. शेजारची छबुबाई दोन वेळा भाकर देईल, गोळ्यांची आठवण करील, आणि आपण पहाटे निघू. म्हाताऱ्याला एका शब्दाने विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. आपण त्याला किती सहज बाजूला ठेवून दिलं, या विचाराने तिला आपलीच चीड आली.

तिने लेकाला फोन लावला.

"सोम्या, औंदा आमी दोगं येत न्हाई."

पलीकडून त्याचा आवाज चढला. बिऱ्हाड कोण लादणार, धनश्रीला गाठ मारता येत नाही, भावकी काय म्हणेल.

"तू लाद की! दोन हात हायेत ना तुला? हसनाऱ्याला म्हनावं, कडूबाईला येऊन भेट!"

तिने फोन बंद केला आणि मुंजाजीकडे वळली. तो खाली मान घालून रडत होता, भर बाजारात, आणि पुसायचंही नाव घेत नव्हता.

"पुसा आदी ते डोळे," ती खेकसली. "आन् गोळी घ्या. मी काय आता तुमच्यापासून हलत न्हाई."