मी, मनोऱ्याच्या खेळाची थोरली कॅसेट

मी एक कॅसेट बोलतेय. गाण्यांची नव्हे आणि लग्नाच्या शूटिंगचीही नव्हे. टीव्हीला जोडायच्या खेळाच्या डब्यात वरून खुपसतात, चालली नाही की फुंकर मारून पुन्हा खुपसतात, ती. रंग करडा. पोटावर चिकटवलेल्या चित्रात एक तलवारवाला आणि त्याच्यामागे काळा मनोरा. माझं खरं नाव इंग्रजीत आहे आणि लांबलचक आहे. ठाण्याच्या वर्तकनगरात मला कोणी त्या नावाने हाक मारली नाही. तिथे मी मनोऱ्याचा खेळ, आणि धाकटी बहीण आल्यावर 'थोरली'.

माझा आणि धाकटीचा एकदा निकाल लागला. दोघींतली चांगली कोण, हे ठरवायचं होतं. जी हरेल तिने घर सोडायचं होतं. आपला तो बाब्या, हे मलाही ठाऊक आहे, म्हणून जमेल तेवढं तटस्थपणे सांगते.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. त्यातलं काही आठवत नाही. माझ्या पोटात बटणाएवढा एक सेल बसवला. खेळ बंद केला, वीज गेली, तरी कोण कुठवर पोचलंय हे त्या सेलच्या जोरावर मी लक्षात ठेवते. त्यासाठी माझ्यात तीन कप्पे आहेत. एवढंच काय ते माझं वैभव.

मस्कतला नोकरी करणाऱ्या उत्तमने मला विकत घेतलं आणि खेळाच्या डब्यासकट घरी धाडलं. घरी होती त्याची बायको नीला आणि वडील विश्राम. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणत. मूळचे संगमेश्वरकडचे, पण उभा जन्म ठाण्याच्या एका कंपनीत मशीनवर गेलेला. निवृत्त झाले तरी कंपनीचे खाकी शर्ट ते घरात वापरत. "कापड चांगलंय, फाटेपर्यंत घालणार," म्हणत. खिशावर शिवलेली नावाची पट्टीही त्यांनी कधी उसवली नाही.

त्यांची बायको भागीरथी आदल्या वर्षी गेली होती. तेव्हापासून घरात बोलणं असं नव्हतंच. सून विचारायची, "भाजी कसली करू?" सासरे म्हणायचे, "कुठलीही." एवढ्यावर दिवस निघायचा. अण्णांच्या छातीत अधूनमधून दुखायचं, ते कोणाला सांगायचे नाहीत, पण नीलाच्या लक्षात यायचं. उत्तमचं पत्र आलं की मात्र सुस्कारा सोडायचे. तिकडे खोली बदलू का, साहेबाला रजा कशी मागू, असल्या बारीकसारीक गोष्टीही तो वडिलांना विचारी. "माझ्यामागे ह्याचं कसं व्हायचं गं?" अण्णा नीलाला म्हणत. तेवढं एक वाक्य ते पुरं बोलत.

नीलाने मला लावलं ते केवळ नवऱ्याने धाडलंय म्हणून. मी काही उड्या मारायचा खेळ नाही. काळोखाच्या राजाने गावोगावचे दिवे विझवलेत, नायकाने सोबती जमवून ते पुन्हा लावायचे, अशी माझी कथा. वाचायचं खूप, आणि सगळं इंग्रजीत. लढाई पाळीपाळीने. अण्णा खुर्चीतून बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हा राक्षस बरा आहे. आपलं होईपर्यंत थांबतो."

त्यांनी खेळाचा रिमोट हातात घेतला तो तिथून.

चौघांची नावं घालायची होती. नायक अर्थात उत्तम. मग नीला, मग जखमा बऱ्या करणारी भागीरथी. आणि सगळ्यात मागे कुऱ्हाडवाला म्हातारा, तो विश्राम. चौघं ओळीने एकामागून एक चालायचे. अण्णा चालवायचे, नीला इंग्रजी वाचून मराठीत सांगायची. पण सासऱ्यांसमोर नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? मग एखाद्या गावचा राजा म्हणे, "ह्यांना दरबारात घेऊन या." आणि राक्षस गरजे, "आज मी ह्यांना खाणार!" अण्णा हसले. भागीरथी गेल्यावर पहिल्यांदा हसले, हे मी पाहिलं.

माझे भुयारी रस्ते अवघड आहेत. आणि नकाशा दाखवायचं मला येत नाही, हा माझा दोष म्हणा. नीलाने त्यावर उपाय काढला. ती फरशीवर रांगोळीचे ठिपके घालायची आणि अण्णा सांगतील तशा रेघा जोडायची.

"इथं भिंत. आता उजवीकडे वळलो."

"अहो अण्णा, उजवीकडे आपण मघाशी जाऊन आलो."

"मग ही पेटी कुठली? तू ठिपका खाल्लास!"

"मी नाही, तुम्हीच पाय दिलात त्याच्यावर."

अर्धी खोली भुयाराने भरायची आणि दोघं भिंतीच्या कडेने चालायची. शेजारच्या रंगूबाई विचारायच्या, आज कुठला सण? असे कितीतरी महिने गेले. काळोखाचा राजा मेला, दिवे लागले. चौघं शेवटच्या गावात उभी असतानाचा खेळ माझ्या पहिल्या कप्प्यात नोंदवून ठेवला गेला. वर्तकनगरात मला शेवटपर्यंत खेळलेलं असं हे एकच घर.

म्हणूनच चंदू आला. नाक्यावर त्याचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. त्याच्या हातात माझी धाकटी बहीण होती, सोनेरी वेष्टनातली.

"काका, दुसरा भाग आलाय. कडक आहे एकदम. मी कालच घेऊन आलेलो. आता गिऱ्हाईक विचारतं, पहिल्यापेक्षा भारी आहे का? मला काय घंटा कळतंय, मी दोन्ही खेळलेलो नाही. तुम्ही खेळून सांगा."

"आणि मग?"

"मग दोन्हीतली जी आवडेल ती ठेवा, दुसरी मला द्या. जुन्याच्या बदल्यात नवी, आपल्या धंद्याची रीतच आहे ती."

नीलाने माझ्याकडे पाहिलं. मी टीव्हीवर ठेवलेल्या डब्यात होते. नंतरही तिथेच राहिले, फक्त डब्याच्या बाहेर.

आता धाकटीबद्दल. खोटं कशाला बोलू, ती सरस होती. तिचे रंग बघितले की माझे धुवट वाटत. गाण्याचा सूर असा की नीला स्वयंपाक करताना गुणगुणू लागली. माझ्या गावांत सगळ्या म्हाताऱ्या एकाच तोंडाच्या, तिच्यात प्रत्येकीचा चेहरा वेगळा. आणि पडद्याच्या कोपऱ्यात नकाशा. रांगोळीचा डबा देवापाशी परत गेला. फरशी मोकळी झाली. तिला दोन माणसांची तेवढी गरज नव्हती, हे मला खटकलं. पण वाचायला तरी नीला लागायचीच.

घोळ झाला तो अगदी सुरुवातीला. धाकटी आधी नायकाचं नाव विचारते. अण्णांनी उत्तम घालायला सांगितलं. मग ती नायकाच्या वडिलांचं नाव विचारते. इतर कुठे कोणी थबकलं असतं. इथे शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत हीच रीत. "घाल की, विश्राम," अण्णा म्हणाले. वर आडनाव कधी विचारतंय म्हणून वाट बघत बसले.

आडनाव नाही विचारलं. पडदा काळा झाला, पाऊस पडू लागला, आणि अक्षरं उमटली. इंग्रजी मला येतं, माझ्याही पोटात तेच भरलंय. लिहिलं होतं, 'विश्राम मरण पावला. उत्तम आता एकटा आहे.'

नीलाने ते मनातल्या मनात वाचलं.

"काय म्हणतंय?" अण्णांनी विचारलं.

"वडील... वडील तीर्थयात्रेला गेलेत."

"कुठं?"

"काशीला."

पाठोपाठ पडद्यावर एक दगड आला. त्याच्यावर नाव, आणि दगडापुढे मान खाली घालून उत्तम.

"आणि हा दगड कसला?"

"मैलाचा आहे, अण्णा. काशीचा रस्ता दाखवतोय."

"बरं," अण्णा म्हणाले.

एकदा थाप मारली की ती सांभाळावी लागते. धाकटीची सगळी कथाच त्या मेलेल्या बापाभोवती. गावोगावची माणसं नायकाला थांबवून सांगतात, तुझा बाप भला होता, त्याने आमचा पूल बांधला होता. नीला वाचायची, "तुमचे वडील भले गृहस्थ आहेत, काशीहून आले की जेवायला घेऊन या." एका विहिरीतून बापाचा आवाज येतो, तर तिने सांगितलं की काशीहून पत्र आलंय. अण्णा मान डोलवायचे आणि पुढे चालायचे. नीलाच्या कपाळावर मात्र घाम. दुखणाईत माणसाला त्याच्याच मरणाची बातमी रोज कशी वाचून दाखवायची? ती रंगूबाईंना म्हणालीसुद्धा, "ती नवी कॅसेट मी देऊन टाकणार बघा. आमची जुनीच बरी. तिच्यात अण्णा धडधाकट आहेत." हे ऐकून मला आनंद झाला, तो लपवत नाही.

पण अण्णांनी खेळ सोडला नाही. दुखायला लागलं की रिमोट मांडीवर ठेवायचे आणि पुन्हा उचलायचे. धाकटीत सोबती नसतात. उत्तम एकटाच चालतो. पडतो, उठतो, दिवे लावतो. शेवटी तो पुन्हा त्या दगडापाशी येतो आणि दगडापुढे दिवा ठेवतो. अक्षरं उमटली.

नीलाने सुरुवात केली, "वडील काशीहून परत यायला निघालेत, आणि..."

"नीला," अण्णा म्हणाले, "आता लिहिलंय तसं वाच."

तिने वळून अण्णांकडे पाहिलं.

"अगं, हे नाव मी आयुष्यभर छातीवर घेऊन फिरलो." त्यांनी शर्टाच्या खिशावर बोट ठेवलं. तिथे कंपनीने इंग्रजीत शिवलेलं नाव होतं, तिने रोज धुतलेलं. "दुसरं इंग्रजी नाही येत, पण एवढं येतं. मैलाच्या दगडावर माणसाचं नाव लिहितात होय?"

"पहिल्या दिवशीच कळलं तुम्हाला?" नीलाला रडू कोसळलं. "मग बोलला का नाहीत, अण्णा?"

"तू एवढ्या मायेनं काशीला धाडलंस मला. कशाला मधूनच परत येऊ?"

तिने डोळे पुसले आणि वाचलं. "बाबा, मी आलो. सगळे दिवे लावले. वाटेत चुकलो, पण विचारत विचारत पोचलो."

"परत वाच," अण्णा म्हणाले. तिने परत वाचलं.

चंदू निकालाला आला तेव्हा नीला घाईने म्हणाली, "आम्ही जुनी ठेवतो."

"नवी ठेवायची," अण्णा म्हणाले.

"अण्णा, त्या दुसरीत तुम्ही..."

"म्हणूनच. पहिली मला आवडतेच गं. तिच्यात आपण सगळे आहोत. पण तिच्यात उत्तम पुढे आणि मी सतत त्याच्या मागे. दुसरीत मी नाही, तरी पोरगा पोचतो. बाप गेल्यावर पोराचं काय होतं हे कुठल्या बापाला बघायला मिळतं? मला मिळालं. आता ती त्याच्यासाठी राहू दे. तो येईल तेव्हा मी असेनच असं नाही." मग चंदूकडे वळून म्हणाले, "हिच्यातला पहिला कप्पा तेवढा पुसू नकोस रे."

नीला आत निघून गेली. चंदूने मला खिशात घातलं. वाईट वाटलं. पण निकाल चुकला असं मी म्हणू शकत नाही.

पार्लरमध्ये मला कोणी फार त्रास दिला नाही. पोरं लावायची आणि लगेच ओरडायची, "अबे, ह्यात नुसतं वाचायचंय. पकाऊ आहे, काढ." त्या कंटाळ्यानेच माझा पहिला कप्पा वाचला.

पुढच्या वर्षी गणपतीनंतर अण्णा गेले. उत्तम मस्कतहून आला तो तिसऱ्या दिवशी, मुखदर्शनही झालं नाही. हे मला चंदूच्या बोलण्यातून कळलं. तेरावं झाल्यावर नीला दुकानात आली. म्हणाली, "चंदूभावजी, आमची थोरली आहे का अजून?" चंदूने काचेच्या कपाटातून मला काढलं, शर्टाला पुसलं, आणि बदल्यात काही न मागता दिलं.

घरी उत्तम अण्णांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला होता. खुर्चीत बसायला त्याचं मन होत नसावं. टीव्हीवर धाकटी होती. त्याने विचारलं, "अण्णा माझ्यासाठी ठेवून गेले ती हीच ना?"

"ती नंतर," नीला म्हणाली. "आधी ही."

तिने मला फुंकर मारली आणि लावलं. माझ्या पोटातला सेल जुना झालाय, मलाही खात्री नव्हती. पण पहिला कप्पा उघडला. शेवटचं गाव, लागलेले दिवे, आणि ओळीने चौघं. उत्तमने रिमोट घेतला.

"ह्यात अण्णा कुठेत?"

"हे काय," नीला म्हणाली, "तुमच्या मागेच आहेत. चालून बघा."

त्याने बटण दाबलं. पुढचा तलवारवाला चार पावलं चालला आणि थांबला. मागून नीला आली, भागीरथी आली, सगळ्यात शेवटी कुऱ्हाड घेतलेला म्हातारा आला आणि उभा राहिला. उत्तमने पुन्हा चार पावलं टाकली. पुन्हा म्हातारा आला.

माझ्या खेळात आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, काळोखाचा राजा केव्हाच मेलाय. तरी तो सगळं गाव फिरतोय, विहिरीपासून वेशीपर्यंत आणि परत. धाकटी शेजारी आहे, तिची पाळी येईलच, आणि ती माझ्याहून चांगली आहे हे मी पुन्हा सांगते. माझं मागणं एवढंच, की आज मला इतक्यात काढू नका. तो अजून चालतोय.